इतर, नमूद करा

एप्रिलात सोलापूरला प्रशिक्षण ठेवू नये,
असं मी कंपनीला लिहून कळवलं होतं.
त्यांनी तारीख बदलली नाही,
दोन पंख्यांचं भाडं मंजूर केलं.

विडी घरकुलातल्या शाळेचा वरचा हॉल.
सव्वीस शिक्षक, अकरा लॅपटॉप,
आणि एक प्रोजेक्टर, जो माझा तक्ता
भिंतीवरल्या सरस्वतीच्या वीणेवर पाडत होता.
मी सांगत होतो:
राज्याचं मानक डावीकडे,
तुमचा धडा उजवीकडे,
मधे रेघ ओढा.
हिरवी झाली की समजा जुळलं.
अहवाल आपोआप निघतो,
शिक्क्यापुरती जागा सोडून.

हत्तुरे सरांनी विचारलं, न जुळलेल्याचं काय?
म्हटलं, ते लाल दिसेल.
"म्हणजे लाल शाईची सोय हाय, जुनीच."
हॉल हसला. मीही हसलो,
सल्लागाराला तेवढं शिकवलेलं असतं.

मधल्या सुट्टीत कडक भाकरी, शेंगा चटणी,
नसरीन बागवान बाईंनी किटलीतून आणलेलं ताक.
रेणुका इराबत्ती बाई जेवल्या नाहीत.
तेलुगू माध्यम, इयत्ता दुसरी.
लॅपटॉप ताटासारखा दोन्ही हातांत धरून आल्या.

"सर, ही माझी अखिला.
दहाच्या पाढ्याला अडते.
पण पंचवीसनं हजारापर्यंत जाते, परत पण येते.
आई विड्या वळते ना.
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार.
हिला कुठं बसवू?"

मी यादी उघडली.
पंचवीसचे गट दुसरीत नव्हते.
चौकट लाल झाली: इयत्तेशी विसंगत.

"आणि गेल्या गुरुवारी," बाई थांबेनात,
"कारखान्यात चेकरनं आठ कट्टे छाट काढले,
पैसे नवाचे कापले.
ही आईच्या पदराआडून बोलली, नऊ नाही, आठ.
सूप पुन्हा ओतायला लावलं तिनं.
याला तुमच्यात कुठलं क्रियापद?"

माझ्याकडे क्रियापदं चौऱ्याऐंशी.
ओळखते. जोड्या लावते. क्रम लावते.
अंदाज करते, तुलना करते, कारणे देते.
तज्ज्ञांच्या तीन बैठकांत गाळून घेतलेली,
ज्यांचं माप निघतं तेवढीच.
भांडते, नव्हतं.

रात्री स्टेशनजवळच्या लॉजवर
कूलर गवताचा ओला वास फेकत होता.
मी यादीच्या तळाशी एक ओळ जोडली:
इतर, नमूद करा. मर्यादा दोनशे अक्षरं.
पुण्याहून अर्ध्या तासात निरोप:
मोकळ्या मजकुराचा आलेख निघत नाही. काढ.
मी बरंच काही टाइप केलं, पुसलं.
मग एवढंच पाठवलं:
चाचणीसाठी ठेवलंय, उद्या संध्याकाळपर्यंत.
खोटं होतं ते.
पाठवल्यावर वाटलं, फारसं खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्या ओळीत तेलुगूत लिहिलं.
पडद्यावर नुसते चौकोन आले,
रिकामे, एकाला एक चिकटून, तीन रांगा.
फॉन्ट बसवायचा राहिला होता.
तेलुगू शाळेला तेलुगू लागेल
हे आमच्यापैकी कुणाच्याच यादीत नव्हतं.

"चादरच विणली की हो बाई," हत्तुरे सर म्हणाले.

मी घाईघाईनं फॉन्ट शोधू लागलो,
नेट सारखं तुटत होतं.
बाई मात्र पडद्यापाशी गेल्या
आणि चौकोनांवर बोट ठेवून वाचू लागल्या,
आधी तेलुगूत, मग माझ्याकडे बघून मराठीत:
सूप, छाट, नऊ नाही आठ.
कुठेही अडखळल्या नाहीत.

मी शोधणं सोडलं आणि मोजायला बसलो.
एकशे शहाण्णव.
म्हटलं, बाई, चार उरलीत.

"मग तिचं नाव बसंल की,"
त्या म्हणाल्या, आणि परत येऊन
उभ्या उभ्याच
आणखी चार चौकोन टाइप केले.