नव्याण्णव सेंट

रात्री अकरानंतर वीज अकरा सेंटांनी मिळते,
म्हणून अकरा वाजून दोन मिनिटांनी
नाइटगाउनवर कोट चढवून, बर्फाचे बूट अडकवून
मी गाडीला वायर लावायला बाहेर पडते.
म्हणे गाडीतच वेळ लावून ठेवता येते.
येत असेल. मी माझ्या घड्याळाचं ऐकते.

पिकअप सेकंडहँड. छपरं घालणाऱ्या एका बुडालेल्या कंपनीची.
दारावरची अक्षरं खरवडून काढलीत, तरी
ऊन तिरपं पडलं की "आणि मुलगे" एवढं वाचता येतं.

जायला एक्केचाळीस मैल, यायला एक्केचाळीस.
जुलैत एकोणचाळीस युनिट, चार डॉलर एकोणतीस.
जानेवारीत त्रेसष्ट, सहा त्र्याण्णव,
तेही हीटर बंद ठेवून. सीट तेवढी कोमट,
मांडीवर हॉस्पिटलच्या लाँड्रीतलं बाद ब्लँकेट,
जिथे दिवसभर मी वाफेत उभी असते.
जुनी गाडी सोळा डॉलरचं पेट्रोल प्यायची
आणि पायांना फुकट शेकायची.
वहीत याला रकाना नाही.

समोरचा रेइनो सालमेला
रोज पहाटे डिझेल धडधडवत विचारतो,
"काय आइली, आज दोरी किती लांब?"
मी हात हलवते. काच वर असते.

मंगळवारी सुपीरिअरवरून वारं आलं,
तारांवर बोटभर बर्फ चढलं आणि लाइट गेले.
साडेनऊला रेइनो दारात,
हातात नारिंगी एक्स्टेंशन कॉर्डचं वेटोळं.
"भट्टीचा पंखा," तो म्हणाला.
मग बुटांवरचं बर्फ झटकून झाल्यावर,
"आणि हेल्मीचं ऑक्सिजनचं मशीन."

गाडीत एकोणसत्तर युनिट होते.
उद्याचे त्रेसष्ट, हातचे सहा.
उंबऱ्यातच मनातल्या मनात वजाबाकी केली,
मला लाज वाटली, पण केली.
मग मागचं झाकण उघडून
कॉर्ड कुठे खुपसायची ते दाखवलं.

रात्रभर रस्त्याच्या आडवी पडलेली ती कॉर्ड
मी तीनदा उठून पाहिली.
त्यांच्या एका खिडकीत हिरवा ठिपका.
बाकी सगळी गल्ली काळी.

पहाटे पाचला हॉस्पिटलचं जनरेटर घेऊन पोरगा आला.
रेइनोने कॉर्ड काढली. "किती झाले?"
"नऊ."
"रात्रीच्या भावाने?"
"रात्रीच्याच भरले होते."
त्याने ओठ हलवत पाढा म्हटला,
एक डॉलरची नोट काढली
आणि तिथेच उभा राहिला.
मला आधी कळलंच नाही कशासाठी.
मग हातमोजा दातांनी ओढून काढला,
खिसा चाचपला, डबा चाचपला,
आणि एक सेंट त्याच्या तळव्यावर ठेवला.
हात थरथरत होता. दोघांचाही.

संध्याकाळी परतताना चार मैल कमी पडत होते,
लुथेरन चर्चपासून घरापर्यंतचे.
हायवेवरच्या चार्जरवर नऊ युनिट घेतले.
छप्पन्न सेंटांनी. पाच डॉलर चार.
शेजारच्या पंपावर एक बाई नळी धरून नाचत होती,
थंडीने.

वहीत लिहिलं: जमा, रेइनो, नव्याण्णव सेंट.
खर्च, पाच शून्य चार.
कशासाठी, या रकान्यात
पेन्सिल बराच वेळ टेकवून ठेवली.
मग "थंडी" लिहिलं
आणि अकरा वाजायची वाट पाहत बसले.