खोटं खोटं

शेट्यांच्या नव्या फ्रिजचं खोकं
तीन दिवस आमच्या दारात उभं आहे.
ती लिफ्ट आहे.
स्केचपेनची बटणं: एक, दोन, पाच आणि पुन्हा दोन.
कन्नमवार नगरातली आमची खरी लिफ्ट
दिवाळीपासून बंद, सोसायटीच्या मीटिंगा चालू.

इरू म्हणते, आत ये, दार लाव, बोटं सांभाळ.
गुडघे पोटाशी घेऊन मी पाचव्यावर पोचतो.
पाचव्यावर चहा मिळतो.

दोन कप, दोन्ही रिकामे.
माझा कोपर लागून कलंडला
तशी ती उठली, फडकं आणलं,
कोरडी फरशी पार उंबऱ्यापर्यंत पुसली
आणि म्हणाली, तुझा सांडला ना, माझ्यातला अर्धा घे.
मी दोन्ही कपांत डोकावलो.
खरंच, माझा जास्त रिकामा होता.

फुंकर मारली तर हसते,
अरे बाबा, खोटं खोटं आहे, भाजत नाही.
न फुंकता प्यायलो तर ओरडते,
गरम आहे!

परवा गोष्टीतला राक्षस विहिरीत पडला,
गोष्ट संपली, मी दिवा घालवला.
अंधारातून आवाज आला,
आता तो जेवणार काय?
अगं, राक्षस नसतोच मुळी.
माहितीये, म्हणाली, नसतो.
पण विहिरीत आहे ना.

हिची या आठवड्यात नाइट.
साडेसातला रिक्षा राजावाडीच्या दिशेनं गेली
आणि इरूनं आईची ओढणी घेतली,
रिकामा डबा घेतला,
आईच्या घरातल्या चपला फटक फटक वाजवत आली.
मी आता आई. मी ड्युटीला चालले.
तू इरू. तू रड.

मी रडलो.
सुरुवातीला झकास जमलं,
आ वासून, डोळ्यांवर मुठी चोळून.
मग मध्येच कुठंतरी
आवाज माझा राहिला नाही.

तिनं डबा खाली ठेवला.
माझ्या गालाला एक बोट लावलं,
ते ओलं बोट दिव्याकडे धरून नीट बघितलं,
फ्रॉकला पुसलं.
असं नाही, बाबा. खोटं रड.

मग खोक्यात शिरली, दार ओढलं,
आतून मोजलं: एक, दोन, पाच.
बाहेर आली ती जांभई देत,
ऊठ इरू, सकाळ झाली, आई आली.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेआठ.
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.