पोच

पौलाच्या पत्राचा शेवट
पाळकसाहेब नेहमी गाळतात :
नुसती नावं, ह्याला सलाम, तिला सलाम.

आज वाचनाची पाळी सुवार्ताबाई उजागरेंची.
सिटी पोस्टात एकतीस वर्षं, सॉर्टिंगला.
गुरुवार पेठेतल्या ह्या चर्चमध्ये
त्या नेमकं तेच पान उघडतात.

फिबी, म्हणतात, आणि थांबतात.
मग चष्म्यावरून :
टपाल हिनंच नेलं असणार, पार रोमपर्यंत.
भिजू दिलं नाही.
तिथं कुणी अडवून विचारलंच असेल,
"म्हणजे काय, बाई?"
तर सांगणार कोण? पौल तर इकडेच.

पुढे युनिया.
हिच्या नावाला मधे कुणीतरी
मिशा काढल्या होत्या.

मागच्या बाकावर हसू.
पाळकसाहेब घड्याळाकडे.

त्या एकेक नाव
खणात टाकावं तसं वाचतात,
पत्ता अपुरा असला
तरी परत न पाठवता.