विरजण

बासष्ट टक्क्यांवर तपासणी अडली.
काळ्या चौकटीत पांढरी ओळ:
काही फाइली बिघडलेल्या आहेत,
दुरुस्त करता आल्या नाहीत.

तेलावीतल्या या बेकरीत एतेरी
पिठाचे हात तसेच वर धरून विचारते,
"मेलं का?"
नाही हो. आपली मूळ प्रत
हरवून बसलंय फक्त.
याच बनावटीच्या, याच वर्षीच्या
धडधाकट यंत्रातून आणावी लागेल.

ती गप्प.
भट्टीत डोकावून येते, उगाच.
मग हनुवटीनेच रस्त्यापलीकडे दाखवते:
ओतियाचं दुकान. तिचा दीर.
दोन्ही संगणक एकाच दिवशी, एकाच गाडीतून आलेले,
वाटणीआधी.

मी पेनड्राइव्ह घेऊन गेलो.
कुणासाठी, ते त्याने विचारलं नाही.
उठून खुर्ची दिली,
आणि कॉपी होईस्तोवर
दाराशी पाठमोरा उभा राहिला.
चार फाइली.
मात्सोनी लावायला इथे
चमचाभर विरजण शेजारून आणतात,
त्याहूनही कमी.

निघताना म्हणाला,
"चालू झालं, की तिला म्हणावं
शटर जरा जोरात उघड.
मला इथे कळेल."