लाल रंगाची जागा

मिस्टर लॅव्हरिक पुस्तकं कधी पिशवीतून आणत नाहीत.
कोटाच्या आतल्या खिशातून, छातीच्या उबेत,
कोंबडीखालचं अंडं आणावं तशी.
तळहाताएवढी, सोळा पानांची, सहा पेनीची पुस्तकं,
दोनशे वर्षांपूर्वीची.
"हे बघा," म्हणतात, आणि आधी मला हात धुवायला पाठवतात,
जणू मी या नॉर्विचमध्ये एकतीस वर्षं
कागद सांधत नसून बटाटे सोलतेय.

आयुष्यभर पियानो जुळवले त्यांनी.
लोकांच्या दिवाणखान्यात शिरायचे, एकेक सूर जागेवर आणायचे
आणि निघताना दारात सहज विचारायचे,
माळ्यावर पोरांची जुनी पुस्तकं आहेत का हो?
बहुतेकांकडे नसायची.
असणार कशी? पोरांनी ती वाचून संपवली.
संपवली म्हणजे खरंच संपवली:
चघळली, फाडली, चित्रातल्या लांडग्याचे डोळे बोटानं उकरले,
उरली त्यांची वरच्या भावंडाकडून खालच्याकडे जाता जाता
वात वळली.
मोठ्यांची प्रवचनं मात्र ठणठणीत,
गठ्ठेच्या गठ्ठे, पानंसुद्धा न कापलेली.

आज सशाची चौथी प्रत आलीय.
ससा शिंपी आहे.
बैल गिऱ्हाईक म्हणून आलाय आणि कापड पुरत नाहीये,
एवढीच गोष्ट.
सशाच्या अंगात लाल बंडी.
आधीच्या तीन प्रती आम्ही टेबलावर ओळीनं मांडतो.

काळी रेघ छापलेली, रंग हातानं.
हे ते दरवेळी सांगतात, आणि मी दरवेळी ऐकते:
एक लांब टेबल, भोवती दहा-बारा पोरं,
प्रत्येकाकडे एकच रंग.
पिवळा आपलं पिवळं भरून पान पुढे सरकवणार,
मग निळा, मग हिरवा,
शेवटी लाल.
शंभर पानांमागे काय मिळायचं,
हे त्यांना कुठल्याच हिशेबवहीत सापडलेलं नाही.

लाल नेहमी बाहेर जातो.
पहिल्या प्रतीत बंडीतून निघून टेबलावर सांडलाय,
दुसरीत कात्रीला लागलाय,
तिसरीत तर थेट सशाच्या मिशीला.
लॅव्हरिक त्याला लाल्या म्हणतात.
लिलावात बाकीचे पान उजेडात धरून
कागदातलं पाणचिन्ह शोधत असतात,
हे फक्त बंडीची कड बघतात:
"लाल्याच आहे." आणि हात वर.
नेटक्या प्रतींसाठी त्यांचा हात कधी वर गेलेला नाही.

हिरवा रंग तांब्याचा. तो कागद खातो.
बैलाच्या पायाखालचं गवत आता
पलीकडचं बोट दिसेल इतकं जाळीदार.
तिथे मी पातळ जपानी कागदाचं ठिगळ लावते, गव्हाच्या खळीनं.
लाल मात्र जसाच्या तसा, काल भरल्यासारखा.
हिंगूळ. म्हणजे पारा.
कुंचल्याला टोक काढायचं तर पोरं तो ओठांत धरायची.
हे लॅव्हरिक सांगत नाहीत.

चौथी प्रत उघडली.
लाल रेघेच्या आत. काठोकाठ,
बटणांना वळसा घालून,
एक थेंब इकडचा तिकडे नाही.
लॅव्हरिकांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
पान उलटलं. तिथेही.
शेवटपर्यंत तिथेही.
पहिल्या पानावर दुकानाचा पत्ता बदललेला,
म्हणजे वर्षा-दोन वर्षांनंतरची प्रत.
"शिकला की पोरगा," ते म्हणाले,
जरा जास्तच मोठ्यानं.
"बघा ना, हात केवढा बसलाय."

मी भिंग फिरवत होते.
पिवळा तोच होता,
डावीकडून भरत येणारा, उजव्या कोपऱ्यात कंटाळणारा.
निळाही तोच, तसाच घाईचा.
"हो," मी म्हटलं. "बसलाय."

त्यांनी ती खिशात ठेवली नाही.
एखादी पिशवी आहे का, विचारलं.