रकाना चौदा

केंडलच्या पुढे, जिथे रस्ता दगडी कुंपणांमधून
अंग चोरून चालतो,
तिथे एक लहानसं प्राणीसंग्रहालय आहे.
फेब्रुवारीत तिकीटखिडकी बंद, कॉफीचं यंत्र बंद,
वाघीण चालू.

माझ्याकडे कौन्सिलचा फॉर्म, लेझरचं मोजयंत्र,
आणि त्याच्यावर विश्वास नाही म्हणून
पन्नास मीटरची जुनी फीत.
कुंपणाची उंची ठीक. वरून आत वळलेली जाळी ठीक.
दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन वेगळ्या कमरांना, ठीक.
उबदार फळी, तळं, चढायला ओंडके,
लोकांकडे पाठ करून बसायला आडोसा.
पाठ किती लागते, याचंही कोष्टक आहे.

ग्लेनिस इथे एकोणीस वर्षं कीपर आहे.
फितीचं दुसरं टोक तिच्या हातात.
आम्ही दोघी अंतरपाट धरल्यासारख्या,
अलीकडे पलीकडे कोणीच नाही.
‘गोणीत दालचिनी घालते,’ ती सांगते,
‘मांस कधी झाडाला टांगते, कधी पुरून ठेवते.’
माझ्या भाषेत पुरणं म्हणजे मातीआड करणं,
आणि पुरणं म्हणजे कमी न पडणं.
हे तिला कसं सांगू?
पुरलेलं सापडतं का, एवढंच विचारते.
‘नेहमी. चार मिनिटांत.’

रकाना चौदा: जागा पुरेशी आहे काय?
होय. नाही. लागू नाही.

याहून वाईट मी पाहिलंय.
एका हौशी गृहस्थाच्या परसात, सिमेंटवर,
बसच्या लांबीइतक्या जागेत बिबट्या.
तिथे पेन अडलं नव्हतं.
वाईटाला नाही म्हणायला कितीसं शिक्षण लागतं?

वाघिणीला आतल्या खोलीत घेतलं, सरकतं दार पाडलं.
मी आवारात गेले.
गवतात एक पायवाट, दीड वीत रुंद,
इंग्रजी आठाच्या आकाराची.
गवतानं तिथे उगवायचं सोडून दिलंय.
मोजली. एक्केचाळीस मीटर.
फॉर्मला ती नको आहे.
मग चालून पाहिली.
मग ग्लेनिसकडे न बघता गुडघे टेकले, हात टेकले,
आणि डोळे तिच्या उंचीवर नेले.

पहिल्या वळणावर डोंगर दिसतो.
त्यावर कुणाच्या तरी मेंढ्या, पाठीवर निळा ठसा,
आणि त्यांच्यामागे कोसभर काहीच नाही.
दुसऱ्या वळणावर स्वयंपाकघराचं हिरवं दार.
बादली तिथून येते.

‘कधी फिरते ती अशी?’
‘जेवण साडेतीनला. तीनपासून.’
‘आणि मेंढ्या व्यायला लागल्या की?’
ग्लेनिस फीत गुंडाळत राहिली.
‘एप्रिलात बादलीकडे बघत नाही.
त्या कोपऱ्यात उभी असते, वारा तिकडचा असला तर.
तक्रार म्हणून नाही हं सांगत.’

नजरेला किती मीटर लागतात?
प्रेस्टनमधल्या माझ्या खिडकीतून टायरचं दुकान दिसतं.
पण स्वतःला इथे आणायचं नाही, असं ठरवून आले होते.
फॉर्मलाही ते चालत नाही.

शिफारशी लिहिल्या:
जेवणाची वेळ रोज बदलावी.
हिरव्या दारासमोर फळ्यांची भिंत घालावी.
डोंगराच्या बाजूला काही घालू नये.
हे शेवटचं वाक्य दोनदा खोडलं, दोनदा लिहिलं.
दयेनं लिहितेय की निर्दयपणे, मला कळेना.

दार वर गेलं. वाघीण आली, घाई नाही.
माझे गुडघे जिथे टेकले होते तिथे थांबली,
वास घेतला, ओठ वर ओढून पुन्हा घेतला,
मग वळली, शेपूट उचलली,
आणि त्या जागेवर स्वतःचा शेरा मारला.
ग्लेनिस खो खो हसली. मीही.

गाडीत बसून, काच धुकटलेली असताना,
रकाना चौदामध्ये लिहिलं: होय.
आणि समासात, शाई संपत आलेल्या पेनानं:
पाहणीच्या दिवशी,
दुपारी तीनपर्यंत.