अठरा गुंठे हरळी

म्हैस बांधा, म्हणाला शेजारचा जिन्नाप्पा,
गवतही जाईल आणि चहाही दाट होईल.
आणि धार काढायला उकिडवं बसायचं कुणी,
तुझ्या आजोबांनी? शालननं विचारलं.
तिच्या दोन्ही गुडघ्यांत स्टील आहे,
मिरजेच्या डॉक्टरनं बसवलेलं.
मी ग्रेड विचारला होता, तर तो हसला.

तर असे आम्ही पलूसहून सांगलीला निघालो,
बसून चालवायचं, गवत कापायचं यंत्र बघायला.
अठरा गुंठ्यांत घर जेमतेम दीड,
बाकी हरळी, लव्हाळा, आठ नारळ,
आणि श्रावणात कमरेएवढं रान,
सापाला भाड्यानं दिल्यासारखं.

माधवनगर रोडच्या दुकानातल्या पोरानं
आधी रंग दाखवला. मग कप-होल्डर.
मी वाकलो, पात्यांवरच्या पत्र्याला
बोटाच्या पेरानं टकटक केलं.
चौतीस वर्षं लेथवर काढलेला माणूस
कानानं जाडी मोजतो.
पत्रा बिस्किटाच्या डब्यासारखा बोलला.

स्पिंडलला ग्रीस निपल कुठाय?
सर, हे मेंटेनन्स-फ्री आहे.
म्हणजे उघडता येत नाही, असंच ना?
पोरगा कप-होल्डरकडे बघत राहिला.

मला त्याचा राग नाही आला.
पण ज्याला कधी तेलाचा हात लागत नाही
ते कुरकुरायला लागलं, तर
कुणाच्या कानाला कळणार?

परत निघताना शालननंच दाखवलं,
मुजावरच्या गॅरेजमागे, शेवग्याखाली.
कुठल्याशा बंद गेस्ट हाउसचं,
लाल रंग उन्हानं विटकरी झालेला,
सीट फाटकी, आणि फटीत
कोंबडीनं घातलेलं अंडं.
काका, अंडं फुकट, म्हणाला मुजावर.

टकटक.
घण्ण.

मग मी पाना मागितला.
झाकण काढलं, चिंधीनं पुसून बेअरिंगचा नंबर वाचला:
बासष्ट-शून्य-चार.
पोरांच्या वाढदिवसांपेक्षा पाठ असलेला,
कुठल्याही दुकानात मिळणारा.
पट्टा पिठाच्या गिरणीला लागतो तोच.
पुढचा अ‍ॅक्सल ओतीव, बीडाचा,
त्यावर कुणीतरी छिन्नीनं कोरलेलं: डावा.
म्हणजे आधीही कुणी जपत होतं.

किती वर्षं टिकंल?
वीस. पुसून ठेवलं तर पंचवीस.
ती गप्प राहिली. मीही.
एकोणसत्तर अधिक पंचवीस,
ही बेरीज आमच्यात मोठ्यानं करायची नसते.

तिनं अंडं उचलून मुजावरच्या हातात दिलं
आणि काही न विचारता चढून बसली.
न वाकता, न कण्हता.
चपलेचा चवडा पेडलवर बरोबर टेकला.
स्टिअरिंग डावीकडे, उजवीकडे.
शेवग्याची चार फुलं पदरावर पडली, झटकलीही नाहीत.

सांगलीपर्यंत सगळ्या वाटेवर
मी धरून चाललो होतो की चालवणार मी.

अठ्ठ्याऐंशीत तिनं एकदा राजदूत मागितली होती,
फक्त विहिरीपर्यंत. मी म्हणालो होतो, पडशील.
ते ती विसरली असेल असं मला
परवा शेवग्याखाली उभं राहीपर्यंत वाटत होतं.

हेच घ्या, म्हणाली. आणि सीट शिवून द्या म्हणावं.
मुजावरनं दोन हजार सोडले, सीट नाही शिवली.
ती मी शिवली, ताडपत्रीची, दुहेरी टाक्यानं.

आता वही केली आहे, शॉपमध्ये असायची तशी.
तारीख. इंजिन किती तास चाललं. तेल.
पात्यांना धार: केली.
ऑपरेटर, एवढं लिहून मी थांबलो,
तर तिनं पेनच ओढून घेतलं
आणि ओल्या हिरव्या बोटांनी लिहिलं:
शालन हणबर, फर्स्ट शिफ्ट.

खाली थोडी जागा सोडून,
हेल्पर.
ते मी भरायचं आहे.